दादाची पिकअप आणि गायरानावरची रेस

माझा मोठा भाऊ पिकअपचा हौदा गॅस कटरनं कापायला निघाला त्या सकाळी मी त्याच्याशी कडाकडा भांडले. आमच्या घरात भांडायची सवयच आहे. आईवडील दोघंही भूमिहीनांच्या संघटनेतले. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि शाळेत ‘माझी आई’ हा निबंध लिहिताना शेवटी तीन मागण्या मांडून आले होते. आता संघटनेची पत्रकं मीच लिहिते. दादाला यातलं काही चिकटलं नाही. तो कांदा, कापूस, उसाचं बेणं, लग्नाचा मंडप, कधी सभेच्या खुर्च्या वाहायचा. घर त्या हौद्यावर चाललेलं.

“हौदा कापल्यावर वाहणार काय?” मी विचारलं.

“काहीच न्हाई.”

“मग गाडी कशाला?”

“पळायला.”

आदल्या वर्षी तो नगरकडं कांदा टाकायला गेलता. तिथं एका माळावर दगडगोट्यांतून, खड्ड्यांतून गाड्यांची शर्यत चाललेली त्यानं पाहिली. लाखालाखाच्या परदेशी सामानाच्या गाड्या, आणि त्यांत एक घरी बांधलेली जुनी जीप, जी शेवटपर्यंत टिकली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच. आपल्या तालुक्यातही उन्हाळ्यात तशी रेस होणार आहे, घरी बांधलेल्या गाड्यांचा वेगळा गट आहे, त्यात आपली पिकअप उतरवायची. लोकांनी ती पळताना बघितली की गाड्या बांधून घ्यायला आपल्याकडं येतील, मग भाडी मारायची गरजच नाही. आणि रेस झालीच नाही तर? तर आमच्या दारात बिनहौद्याची पिकअप उभी राहणार होती, जिच्यात कांद्याची एक गोणी मावणार नव्हती.

एवढं सगळं मला कळत होतं. तरी तो कटर पेटवू लागला तेव्हा मीच काळा चष्मा शोधून दिला.

गाडी हलकी झाली. मग दादा म्हणाला, आता पाटे मजबूत पाहिजेत. पाटे म्हणजे चाकावरचे ते एकावर एक बसवलेले पोलादी पट्टे, ज्यांच्यावर गाडीचं वजन तोललेलं असतं. आम्ही तेलगावच्या अलीकडं रस्त्याकडेला भट्टी मांडून बसलेल्या पाटेवाल्या चाचांकडं गेलो. आमच्या भागातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हातोड्याखालून गेल्यात. कंपनीनं दिलेल्या पाट्यांवर इथं कुणाचा भरवसा नाही. नवी गाडी आणली की पूजा आधी की चाचा आधी, एवढाच प्रश्न असतो. चाचांनी आणखी दोन पाटे चढवले, सगळ्यांना लाल करून चांगली कमान दिली आणि म्हणाले, “आता डोंगर लादा बिनधास.”

कोरड्या नदीच्या पात्रात गाडी आजमावली. पहिल्याच खड्ड्यात पिकअप शेळीसारखी चारी पायांवर उडाली. दादाचा ओठ दातात सापडला. माझं डोकं टपाला आपटलं. तीनदा तेच झाल्यावर आम्ही बाभळीखाली बसलो आणि मोबाईलवर शोधायला लागलो. तिथलं इंग्रजी मी वाचायचे, मराठीत सांगायचे. दादा माझं ऐकून बऱ्याचदा उलटंच करायचा, आणि तेच बरोबर निघायचं. पण या वेळी मी वाचलं ते सरळ होतं. रेसच्या गाडीचे पाटे मऊ लागतात. चाक खड्ड्यात उतरलं पाहिजे, दगडावर चढलं पाहिजे, आणि वरचा सांगाडा शक्यतो जागच्या जागी राहिला पाहिजे. आम्ही दोन पाटे घातले होते. काढायचे होते तीन.

चाचांना हे सांगायला दादा धजेना, म्हणून मी बोलले.

“पाटे काढायचेत, चाचा.”

“तुटले?”

“नाही. जास्त झाले.”

चाचांनी हातोडा खाली ठेवला. “जास्त? बेटी, चाळीस साल झाले इथं बसून. लोक येतात, चाचा एक घाल, चाचा दोन घाल. काढ म्हणणारा माणूस आजपावतर आला न्हाई.” मग दादाकडं वळून, “क्या बे, हिला शिकवून आणलंस व्हय? तुला तोंड न्हाई?”

“लई उडती, चाचा,” दादा म्हणाला.

“उडनारच. रिकामी हाय ना. दहा गोण्या टाक, बसती गप.”

“गोण्या न्हाई टाकायच्या. रिकामीच पळवायची.”

“आन् मंग जायाचं कुटं?”

“कुठंच नाही,” मी म्हणाले. “गोल फिरून परत यायचं.”

 मला वाटलं, चाचा हसतील. हसले नाहीत. “मान्सं म्हातारी झाल्यावर येडी व्हत्यात, तुमी आदीच झाले,” एवढं बोलून त्यांनी बोल्ट खोलायला घेतले. पण काढलेले पाटे त्यांनी आम्हाला नेऊ दिले नाहीत. “ऱ्हाऊ द्या इथंच. परत घालायला येताल.”

खरं सांगायचं तर मलाही चाचांसारखंच वाटत होतं. माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला एक शब्द होता. राबणाऱ्याचं काय, राबवणाऱ्याचं काय, मी झोपेतही सांगितलं असतं. पण दादा दिवसभर दुसऱ्याच्या टेम्पोवर भाडी मारून यायचा आणि अंघोळ न करता या रिकाम्या गाडीखाली शिरायचा, त्याला काय म्हणावं? कुणी त्याला राबवत नव्हतं. त्यातून पीक येत नव्हतं. आणि तो गुणगुणत असायचा. मी रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत बसायचे आणि माझ्या कुठल्याच शब्दात ते बसवता यायचं नाही.

इंजिन बदलण्याची ऐपत नव्हती, म्हणून आहे त्याच डिझेल इंजिनात दम भरला. भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा टर्बो आणला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तो बसवायला जागा नव्हती, म्हणून बॅटरी सीटमागं गेली. हवा जास्त म्हणून डिझेलही जास्त, त्यासाठी पंप वाढवून आणला. धूळ आत जाऊ नये म्हणून हवेचा पाइप टपापर्यंत वर नेला, तो बोअरच्या केसिंगचा, निळा. मागच्या प्रत्येक चाकाला धक्के झेलणारे शॉकअप एकाऐवजी दोन लागले. आत ड्रायव्हरभोवती लोखंडी पिंजरा करायचा होता, गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून. तो पाण्याच्या पाइपचा चालत नाही, अंगाला जोड नसलेला सीमलेस पाइपच लागतो, हे नियमांत मी वाचून दाखवलं. दादानं आधी केलेला पिंजरा निमूटपणे कापून पुन्हा केला. पहिल्यांदा टर्बो घुमला तेव्हा आई परातीत पीठ घेऊन बाहेर आली. “विमान हाय का काय?” म्हणाली. दादाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कुठल्याच मोर्चात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. हे लिहिताना मला अजून अवघड वाटतं.

मग रेसची जागा कळली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त होणारी ती रेस आमच्या शेजारच्या गावच्या गायरानावर होती. तेच गायरान, जे वीसेक भूमिहीन घरं दोन पिढ्यांपासून कसतात, ज्यांच्या नावावर सातबारा करा म्हणून आमची संघटना माझ्या जन्माआधीपासून तहसीलवर जाते आहे. खरिपाची बाजरी-तूर निघालेली, रान मोकळं पडलेलं. आणि तिथं वाढदिवसाचा मांडव.

मी एका दमात पत्रक लिहिलं. ‘भूमिहीनांची जमीन, पुढाऱ्याचा वाढदिवस’ असा मथळा. जमीन बळकावली, गरिबांना विचारलं सुद्धा नाही, ही रेस होऊ देणार नाही. एक शब्द अडला नाही. दादा बाहेर चाकं आवळत होता, त्याचा पाना खणखणत होता, आणि मी लिहीत होते. आपण काय करतोय हे मला दिसत होतं. तत्त्व भावासाठी वाकवायचं नसतं, असं मी स्वतःला बजावलं. वाक्य चांगलं होतं. ते मी पत्रकातही घालणार होते, मग नको वाटलं.

छापखान्यातून गठ्ठे आणायला त्या दिवशी दुसरं वाहन नव्हतं. दादाच म्हणाला, “चल, गाडी बी पळवून बघतो.” हौदा नसल्यामुळं गठ्ठे माझ्या मांडीवर. वाटेत चहाला थांबलो. त्यानं वरचं एक पत्रक ओढून घेतलं आणि वाचलं. बशीतला चहा निवला तरी वाचत होता. मी वाट बघत होते त्याच्या ओरडण्याची. माझी उत्तरं तयार होती.

“लई भारी लिवलंयस,” तो म्हणाला.

“दादा, हे तुझ्याविरुद्ध नाहीये.”

“मग कुणाच्या इरुद्ध हाय? रेस बंद पडली की माझीच गाडी दारात ऱ्हाणार ना?” हे तो चिडून बोलला नाही. “खरं हाय का यातलं?”

“हो.”

“मग वाट. आपल्या घरात कागद छापून दाबून कुणी ठिवला नव्हता आजवर.”

त्यानं पत्रकाची घडी करून खिशात ठेवली आणि चहाचे पैसे द्यायला उठला. तो ओरडला असता तर मी त्याच दुपारी चौकात पत्रकं वाटली असती.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन मी गायरानावरच्या वस्तीत गेले. तिथल्या एका मावशीला मी लहानपणापासून ओळखते. मोर्चात आईच्या शेजारी चालणारी, घोषणांना पहिला आवाज तिचा. मी पत्रक वाचून दाखवलं. ‘गरिबांना विचारलं सुद्धा नाही’ इथं तिनं मला थांबवलं.

“कोन म्हनलं इचारलं न्हाई?”

ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. त्या पिशवीत जमीन सोडा म्हणून आजवर आलेल्या सगळ्या सरकारी नोटिसा. गायरान कसणारे लोक नोटीस फाडत नाहीत, जपतात, कारण ‘तुम्ही इथं आहात’ असं लिहिलेला त्यांच्याकडं तेवढाच कागद असतो. हे मला माहीत होतं. सगळ्यात वर एक नवी झेरॉक्स होती. रेसवाल्यांना परवानगी काढताना कसणाऱ्यांची संमती लागली होती. कागदावर लिहिलं होतं: आमच्या ताब्यातील गायरान गट नंबर अमुक, यावर एक दिवस शर्यत घेण्यास आमची हरकत नाही. खाली वीस घरांची नावं, अंगठे, सह्या. आणि कोपऱ्यात सरकारी कचेरीचा आवक शिक्का.

“वाच की. ‘आमच्या ताब्यातील’. शिक्क्यासकट,” मावशी म्हणाली. “तुज्या आईबरूबर इतकी सालं ओरडले, असा कागद मिळाला व्हता का?”

“पण मावशी, हा पुढाऱ्याचा डाव असेल. उद्या म्हणतील, जमीन तुम्हीच आम्हाला दिली.”

“म्हनू दे. द्यायाला आदी आमची असावी लागती ना?”

मी पत्रकाची घडी घालायला लागले.

“आन् तू हे वाटलंस,” तिनं पत्रकावर बोट ठेवलं, “की कचेरीवालेच म्हनतील, जमीन बळकावली. म्हंजी आमी दिलीच न्हाई. म्हंजी ह्यो कागद खोटा. लिवायच्या आदी इकडं यायला काय झालतं गं? पाय मोडला व्हता?”

नव्हता मोडला. मी न विचारता लिहिलं होतं की त्यांना कुणी विचारलं नाही. गठ्ठा होता तसा घरी आणला आणि सगळे गठ्ठे पलंगाखाली सरकवले.

रेस झाली. तपासणीत एका माणसानं पिंजऱ्याचा प्रत्येक जोड ठोकून बघितला आणि दारावर नंबर चिकटवला. दादाच्या गटात सात गाड्या होत्या. मी बांधावर मावशीच्या शेजारी उभी. मांडवातून पुढाऱ्याच्या नावाचा गजर चालला होता, त्यानं माझे कान तापत होते, आणि निळ्या पाइपची पिकअप नाल्यातून वर आली की मीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. मागचं चाक दगडावर हातभर वर चढत होतं आणि दादा आत हलतही नव्हता. मावशी म्हणाली, “भावाला म्हनावं, त्या कोपऱ्यातला बांध मोडू नको.” दुसऱ्या फेरीत दोन गाड्या तापून थांबल्या. दादा तिसरा आला.

घरी येताना त्यानं विचारलं, “पत्रकं कावून वाटली न्हाईस?”

मी मावशीच्या कागदाची सगळी हकीकत सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं.

“आन् तसा कागद नसता तर?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वाटली असती, असं म्हणायचं होतं. नसती वाटली, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही वाक्यं माझ्या आवाजात मला खोटी ऐकू आली. मावशीचा कागद मिळाला त्या क्षणी मला लाज वाटली होती, पण लाजेच्याही आधी सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते कुणासाठी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

दादानं गियर बदलला. घरासमोर गाडी लावताना कुणीतरी एक मळका माणूस ओट्यावर बसलेला दिसला. त्याच्याकडं जुनी जीप होती, रेससाठी बांधून मिळेल का विचारायला आला होता. दादा त्याच्याशी बोलायला उतरला. मी गाडीतच बसून राहिले.