मुके डबे

ते गाणं वाजवत एखादी मिरवणूक दारावरून गेली की ते सगळं प्रकरण आजही माझ्यापुढे उभं राहतं, आणि इतक्या वर्षांनीही माझी चीड कमी होत नाही.

दुष्काळाचं साल होतं. बीडजवळच्या माझ्या पोलीस ठाण्याचे निम्मे कर्मचारी पाण्याच्या टँकरवर, उरलेले चारा छावणीच्या बंदोबस्ताला. छावणी एका सहकारी सोसायटीची, चौसाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. दावणीला शेकडो जनावरं आणि शेजारी पालं ठोकून राहिलेले त्यांचे मालक. या छावणीला कडबा पुरवणारा एक 'भाऊ' होता. तो गांजाच्या धंद्यात आहे हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं, पुरावा मात्र कुणाकडे नव्हता. त्याचा वैरी धारूरच्या घाटाकडचा दुसरा भाऊ. दोघांची पोरं एकमेकांवर कोयते चालवायची आणि टाके घालून घरी जायची. फिर्याद द्यायला कुणी यायचं नाही.

खबऱ्याने सांगितलं, माल छावणीत उतरतो. आम्ही कडब्याची गंज उपसली. काही नाही. आठवड्याने पुन्हा उपसली. एक म्हातारी काठी घेऊन माझ्या हवालदाराच्या अंगावर आली.

"पानी द्यायला येत न्हाई कोन, आन् जनावराच्या तोंडचा घास इस्कटायला आलाव व्हय? काय हुडकता रं त्यात?"

हवालदार म्हणाला, "मावशी, कायदा हाय."

"मग कायदा घाल की माझ्या म्हशीला."

आम्ही अंगावरचा भुसा झटकत परत आलो.

याच छावणीत भाऊचा वाढदिवस व्हायचा होता. टँकर दोन दिवस आला नव्हता, पण डीजेची गाडी दुपारीच येऊन उभी राहिली. सोबत गायक. त्या काळात आमच्या भागात तो फार लोकप्रिय होता. लग्न असो, निवडणूक असो, त्याचंच गाणं. 'रस्ता सोडा, भाऊ आले' असं त्याचं एक गाणं होतं. चाल एक, शब्द तेच. प्रत्येक भाऊसाठी त्यात फक्त नाव बदलून तो नवं रेकॉर्डिंग करून द्यायचा आणि प्रत्येक भाऊला वाटायचं, हे गाणं आपल्यासाठीच रचलंय. परवानगीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. आवाज मर्यादेत ठेवण्याची अट लिहून मी सही केली होती.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. गाणं सुरू झालं, पोरं नाचू लागली. आणि गाण्यातून नाव आलं ते घाटाकडच्या भाऊचं. गायकाचा भाचा कीबोर्ड वाजवायचा आणि रेकॉर्डिंगही तोच लावायचा. त्याने चुकीचं लावलं होतं. गंमत म्हणजे अर्धं कडवं होईपर्यंत पोरं नाचत राहिली. मग कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्ये तर घाटाकडच्याचं नाव हाय!" भाचा बटण दाबायला पुढे झाला तेवढ्यात कोयता आला. उजव्या मनगटावर.

मी पोचलो तेव्हा त्याला जीपमधून सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. घटनास्थळी एकही साक्षीदार नव्हता. शेकडो माणसांपैकी प्रत्येकजण त्या वेळी म्हशीला पाणी पाजत होता म्हणे. पाणी कुठून आणलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात गायकाला गाठलं. रंगमंचावर आहे त्याहून दोन हात उंच वाटणारा माणूस भिंतीला टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले होते, हात राहील, बोटं चालतील याची खात्री नाही.

"कुणी मारलं?" मी विचारलं.

"दिसलं न्हाई, साहेब."

"तुमच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे तो."

"म्हनूनच दिसलं न्हाई. त्याचा दुसरा हात हाय ना अजून."

मी पुष्कळ बोललो. कायदा सांगितला, संरक्षण देतो म्हणालो. तो मान हलवत राहिला. शेवटी वैतागून मी म्हणालो, "अहो, एवढ्या मोठ्या आवाजात दुसऱ्याचं नाव वाजतंय आणि लावणाऱ्यालाच ऐकू येत नाही? कान आहेत की नाहीत त्याला?"

हे त्याला लागलं. तो ताडकन उठला.

"कान हायेत, साहेब! त्याच्या बाजूचे दोन डबे मुकेच होते. आवाज समदा पलीकडून. लोकांच्या गोंगाटात त्याला काय कळनार? मी कवाचं म्हनत होतो, मुके डबे कावून फिरवता, उतरवून ठेवा. तर भाऊचे लोक म्हनले, तू तुझं गा."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. वाजत नाहीत असे दोन माणूसभर उंचीचे स्पीकरचे डबे कुणी गावोगाव कशाला नेईल?

"कधीपासून मुके आहेत?" मी हळूच विचारलं.

तो पुन्हा भिंतीला टेकला. "तुमच्या ठान्याच्या गनपतीत गायला आलतो, आठवतं? तवाबी मुकेच होते. तुमी तर त्याला टेकून फोटो काढलाव, साहेब."

मला तो फोटो आठवला. घरी कपाटावर लावलेला होता.

त्याने जबाब दिला. भीती गेली म्हणून नाही. "आता बोलून बसलो, बोललोच न्हाई म्हनलं तर कोन मानतंय," असं म्हणाला.

डीजेची गाडी सोसायटीच्या गोदामात होती. अमली पदार्थांची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर घेतली तर खटला टिकतो. जवळपास असे अधिकारी म्हणजे नायब तहसीलदार, आणि ते छावण्यांवर जनावरं मोजत फिरत होते. आम्ही गोदामाला वेढा घालून उन्हात त्यांची वाट पाहत बसलो. तेवढ्यात सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचा फोन. "दुष्काळात लोकांची जरा करमणूक होती, तीही बघवत नाही का तुम्हाला?" मग आणखी वरून फोन. प्रत्येकाला मी सांगितलं, नायब तहसीलदार येईपर्यंत मी हलणार नाही.

ते आले. पंचांसमक्ष स्क्रू काढले. डब्यांत स्पीकर नव्हतेच. तपकिरी चिकटपट्टीत गुंडाळलेली पाकिटं होती, आणि हलू नयेत म्हणून मध्ये कडबा कोंबलेला. जनावरांना वैरण पुरत नव्हती ते साल होतं ते.

पुढच्या चौकशीत डीजेवाला बोलला आणि मी कपाळावर हात मारला. एक डबा या भाऊचा होता, दुसरा घाटाकडच्या भाऊचा. माल एकाच गाडीतून यायचा, भाडं दोघं मिळून द्यायचे. धंद्यात त्यांचं भांडण नव्हतं. कोयते चालायचे ते गाण्यात नाव कुणाचं यावरून.

कोयता चालवणाऱ्याला आणि दोन्ही भाऊंना शिक्षा झाली. आपल्या गोदामात कोणाची गाडी उभी आहे हे चेअरमनना अखेरपर्यंत माहीत नव्हतं. गायक कोर्टात जबाबावरून फिरला नाही, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. भाच्याची बोटं मात्र परत चालली नाहीत. परवानगीच्या कागदावर माझी सही आहे, हे मी विसरू शकलेलो नाही. आवाजाची अट घातली होती मी. डबे उघडून पाहण्याची नाही.

बरीच वर्षं मी तरुण अधिकाऱ्यांना सांगत असे की ही माणसं मूर्ख, नावासाठी हात तोडतात. तो निष्कर्ष मला माझ्या निरोप समारंभापर्यंत पुरला.

त्या दिवशी हार झाले, भाषणं झाली आणि ठाण्यातल्या पोरांनी प्रेमाने गाणं लावलं. तीच चाल. 'रस्ता सोडा, साहेब आले.' पुढे माझं नाव, आडनावासकट. सगळे टाळ्या वाजवत होते. मला तो दवाखान्याचा व्हरांडा आठवला, ते मनगट आठवलं. गाणं बंद करा म्हणायचं होतं.

पण आधी दुसऱ्या कडव्यात माझं नाव पुन्हा येतं का, ते मी ऐकत राहिलो. आलं. मग गाणं संपलं.