काशीनाथमामांचे काप

डहाणूच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची मॅडम मी, पण पानाचा काप घ्यावा तो प्रयोगशाळेतल्या काशीनाथमामांनीच. बटाट्याच्या फोडीला चीर देऊन ते त्यात पान उभं धरायचे आणि दाढीच्या ब्लेडने इतका पातळ काप काढायचे, की पाण्यात सोडल्यावर तो शोधावा लागे. मुलांचे काप म्हणजे कोशिंबीर. माझेही फारसे बरे नाहीत.

गेल्या वर्षी श्रावणात मामांनी सायवनहून एका वेलाची सहा पानं आणली. त्यांची बहीण जमना तिथे राहते. तिचं म्हणणं, हा दिसतो रानातल्या कडूकंदाच्या वेलासारखाच, पण याचा जमिनीतला कांद एका पाण्यात शिजतो. कडूकंदाचा कडूपणा काढायला पाणी बदलता बदलता जीव जातो. आणि हा येतो फक्त तिच्या घरामागच्या टेकाडावर. बाहेरून दोन्ही पानं सारखीच. मामांनी दहा काप काढले, लाल रंग चढवला आणि मला मायक्रोस्कोपशी बसवलं. मधल्या शिरेतल्या नळ्यांचे जुडगे कडूकंदापेक्षा दोन जास्त होते. दहाही कापांत तेच.

"हा येगळा हाय, मॅडम. नाव लागंल ना याला?"

"लागलं तर तुमच्या जमनाचंच लावू," मी बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही.

एकतीस वर्षं बाटल्या धुतलेल्या माणसाला त्या वाक्याने झपाटलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं आणि हात थरथरू लागला होता. फोटोसाठी निर्दोष काप हवा म्हणून त्यांनी सहाही पानं कापून संपवली. मी अडवलं नाही.

काप आणि फोटो तज्ज्ञांकडे पाठवले, त्यांचं उत्तर होळीच्या सुमारास आलं. काप उत्तम आहेत, जात बहुधा नवी आहे. पण नुसत्या कापांवर नाव देता येत नाही. वाळवलेलं अख्खं पान, फुलं आणि जिवंत कांद पाठवा. वेल तर दिवाळीनंतरच सुकला होता. कांद जमिनीत आहे, पावसात फुटेल, असं म्हणून आम्ही थांबलो. त्या निर्धास्तपणाची मला आजही चीड येते.

आषाढात आम्ही दोघं गेलो, तेव्हा टेकाड नव्हतं. खडीसाठी पोखरलेल्या जागी पाणी साचलं होतं. मामा काठावर उकिडवे बसले. मग आजूबाजूच्या तीन टेकड्या पालथ्या घातल्या. सगळा कडूकंदच.

जमनाने कोरा चहा दिला. मामांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, तिच्या नावाचंसुद्धा.

"कांद पायजे व्हता?" ती म्हणाली. "शिमग्यानंतर मशीन आली, तवा आम्ही समदे खणून आणले. दोन टोपल्या व्हत्या. तू तर पानंच मागलेलीस, दादा."

"एकबी नाय ठेवला?"

"ठेवून काय करायचं? खाल्ले. कडू थोडेच व्हते."