दोन हेदरं आणि एकच पाहुणा

लेकीनं तिकीट पाठवलं आणि त्याच फोनवर सांगितलं, की तिचे सासरेही माझ्याच विमानानं येताहेत. तेव्हापासून माझी झोप उडाली. व्याही बँकेतून निवृत्त, इंग्रजी फाडफाड. मी सातवी पास, मिरजेच्या बागेत माळी होतो.

मुंबईहून बहारीन चार तासांच्या आत येतं. जानेवारीत जावं, स्वेटर न्यावा. व्हिसाच्या मी चार प्रती नेल्या होत्या. व्याह्यांनी नुसता फोन दाखवला आणि माझ्याआधी बाहेर पडले.

लेक जिदहफ्सला राहते. भाजीबाजार पायी गाठता येतो, सीफच्या मॉलला गाडीशिवाय जाता येत नाही. आठ वर्षांची नात इरा व्याह्यांना आजोबा म्हणते, मला अण्णा. हेही मला लागतं.

शनिवारी बुदैया रोडवरच्या नर्सरीत गेलो. इराला शाळेत नात्यातली दोन रोपं दाखवायची होती आणि सोबत घरचा एकच पाहुणा न्यायचा होता. तो पाहुणा मी असावा म्हणून मी मनातल्या मनात नवस बोललो. तिनं हेदर नावाच्या फुलझुडपाच्या दोन कुंड्या उचलल्या, तीन-तीन दिनारांच्या. विकणारा म्हणाला, "चाचा, दोनों सेम है, सिर्फ कलर अलग." व्याह्यांनीही मान डोलावली. दोघं चुकले याचा मला आनंद झाला.

घरी इराचं बोट पानांवरून फिरवलं. एकाची पानं खवल्यांसारखी दांडीला चिकटलेली, मोरपंखीची असतात तशी. दुसऱ्याची बारीक सुयांसारखी, सुटी. मग नखानं फुलं उकलली. सुयांच्या रोपाचं फूल सुगडासारखं, एकसंध. खवल्यांच्या रोपाचं बुडापर्यंत वेगवेगळं, आणि रंग पाकळ्यांपेक्षा बाहेरच्या वेष्टणालाच जास्त.

"सख्ख्या नाहीत, चुलत बहिणी आहेत," मी म्हणालो.

व्याह्यांनी फोनवर नावं शोधली. खवल्यांचं खरं हेदर, सुयांची एरिका. "अण्णा, तुमचं बरोबर," असं त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. त्या मोकळेपणाचाही मला राग आला.

इरानं सगळं पाठ केलं आणि म्हणाली, "खलास. आजोबा येतील. ही कॅन टॉक टू मिस."

शाळेच्या दिवशी मी बाल्कनीत येरझाऱ्या घालत राहिलो. व्याही हसत परतले. इरानं वर्गात सांगितलं होतं, की हे सगळं घरातल्या माळ्यानं शिकवलं. मिसनी यांनाच तो माळी समजून विचारलं, किती वर्षं बागकाम केलंत?

"मी चाळीस म्हणालो," ते म्हणाले. "पोरीला सगळ्यांसमोर कुठं अडचणीत आणू?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. माझी नोकरी एकतीस वर्षांची.

मी मिरजेला परतलो, व्याही अजून तिथंच आहेत. बहारीन जरूर पाहा, माणसं मायाळू आहेत. मला मात्र आठवतात त्या मी न ऐकलेल्या टाळ्या.

काल त्यांचा मेसेज आला, एरिका वाळतेय, पाणी वरून द्यायचं की खालून? मग लिहिलं, "इराला फोन द्या. तिला सांगतो."