झाकण धरा, माने

श्री. हसनसाहेब परकार यांना या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथात मी चार शब्द लिहावेत असा इथल्या मराठी मंडळाचा आग्रह आहे, आणि संपादकांनी "माने, जरा सौम्य लिहा" असंही बजावलं आहे. प्रयत्न करतो. पण संपादकांनी एकदा तरी परकारसाहेबांकडून इमारत पास करून घ्यावी आणि मग मला सौम्यपणा शिकवावा.

मी कराडहून शारजाला आलो त्याला अकरा वर्षं झाली. औद्योगिक क्षेत्रातल्या एका वायरिंग कंत्राटदाराकडे नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात अल मजाज भागातल्या एका टॉवरवर पाठवलं. सल्लागार कंपनीचे तपासणी अधिकारी आले आहेत, त्यांना भेटा, एवढंच सांगितलं होतं. हेच ते परकारसाहेब, पण मला दिसली ती त्यांची नुसती पाठ. डोक्यापासून खांद्यापर्यंतचे साहेब मीटर रूममधल्या पत्र्याच्या पेटीत होते. मी टाय नीट करून म्हटलं, "गुड मॉर्निंग सर, मी नवीन इंजिनिअर." आतून आवाज आला, "मराठी दिसता. झाकण धरा." ते झाकण मी पाऊण तास धरलं. साहेबांचा चेहरा दिसला तोवर माझे दोन्ही खांदे भरून आले होते.

या पेटीविषयी सांगणं भाग आहे, कारण साहेबांची उभी हयात तिच्यातच गेली. मोठ्या इमारतीत सगळ्या फ्लॅटचे मीटर एका खोलीत ओळीने बसवतात. त्यांच्याखाली लांबलचक पेटी असते आणि प्रत्येक घराची तार तिच्यातून जाते. साहेबांचे नियम असे की मीटरच्या आधीची तार आणि नंतरची तार एका कप्प्यात नको, पेटीत जोड नको, दाटीवाटी नको, आणि प्रत्येक तारेवर तिच्या घराचा नंबर हवा. नियम पुस्तकातही आहेत, पण पुस्तक निदान मिटून ठेवता येतं. साहेब समोर उभे राहतात.

शिवाय त्यांची ती हजेरी! एक माणूस खाली एका घराचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडणार, दुसरा वर त्या घरात दिव्याखाली उभा राहणार. फोनवर "गेली का?" "गेली." मग पुढचं घर. अठ्ठेचाळीस घरं असोत की दीडशे, एकही सुटायचं नाही. ऑगस्टमध्ये, त्या बिनवाऱ्याच्या खोलीत, घाम डोळ्यांत जात असताना मी किती वेळा मनात म्हटलं असेल, की देवा, ह्या माणसाला एखादं ऑफिस दे, एसी दे, पण इथून ने.

माणूस मात्र मऊ, आणि हाच खरा वैताग. धड रागावताही येत नाही. एका इमारतीच्या नातूरने, म्हणजे राखणदाराने, आपली चहाची किटली, इस्त्री आणि कपड्यांचा गठ्ठा मीटर रूममध्ये मांडला होता. साहेबांनी सगळं बाहेर काढायला लावलं. तो बिचारा रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःच्या गाडीतून लोखंडी कपाट घेऊन हजर. जिन्याखालच्या जागेसाठी मालकाशी तासभर हुज्जत घातली, आणि ते कपाट वाहायला धरलं कुणाला? मला!

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याच कंपनीने वायरिंग केलेल्या एका टॉवरमध्ये मी ११०४ नंबरचा फ्लॅट घेतला. पत्नी अश्विनी आणि सात वर्षांची इरा गुरुवारी रात्री कराडहून येणार होत्या. जुनी खोली मी सोडून बसलो होतो. गुरुवारी सकाळी साहेब आले आणि झाकण काढलं. एक जोड चिकटपट्टीने गुंडाळलेला, दोन तारांवर नंबर नाहीत. म्हणाले, "आज सही नाही. कुणी राहायला येणार नाही."

"साहेब, नंबरचे दोनच तर टॅग राहिलेत. शनिवारी करून टाकतो, इन्शाल्ला."

"दोन राहिले म्हणजे बाकीचेही बघून लावलेले नाहीत. हजेरी झाली का?"

"झाली," मी म्हणालो.

झाली नव्हती. टॅग लावले तेव्हा लिफ्ट चालू नव्हती आणि अकरा मजले चढायचा कंटाळा आला होता. तारा पेटीत ज्या क्रमाने दिसल्या त्याच क्रमाने मी नंबर चिकटवले आणि कागदावर बरोबरच्या खुणा करून मोकळा झालो.

साहेबांनी फक्त बायको-पोरीच्या विमानाची वेळ विचारून घेतली. रात्री विमानतळावर बघतो तर साहेब माझ्याआधी पोचलेले! आम्हा तिघांना थेट आपल्या घरी नेलं, आपली खोली दिली आणि स्वतः हॉलमध्ये झोपले. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं सालन केलं होतं. साहेब म्हणत होते, "माने, आणखी घ्या," आणि मी त्यांचंच खात त्यांनाच मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

शनिवारी सकाळी साहेबांनी जोड काढून अखंड तार टाकून घेतली, चाचणीपुरती वीज सुरू केली आणि म्हणाले, "यल्ला, चला, हजेरी. सुरुवात तुमच्या घरापासून." वर कराडच्या इंग्रजी शाळेतली इरा फोन घेऊन हौसेने दिव्याखाली उभी राहिली, शेजारी अश्विनी. खाली मी ११०४ लिहिलेला ब्रेकर पाडला.

"गेली का गं?"

"नो बाबा, इट्स स्टिल ऑन."

"नीट बघ, इरा."

"आय ॲम लुकिंग ॲट इट, बाबा!"

फोनमधूनच पलीकडच्या ११०७ मधून आमचा वायरमन ओरडलेला ऐकू आला, "साब, इधर का गया!"

मी ब्रेकरवरचा हात झटकन मागे घेतला. कारण घरातल्या बोर्डाचा मुख्य स्विच ढिला होता, आणि गुरुवारी सही मिळाली असती तर तो मी शुक्रवारीच स्वतः बदलणार होतो. खालचा हाच ब्रेकर पाडून. कामासाठी मुख्य स्विच बंद केल्यावर घरातले दिवे तसेही बंदच असते, मग खालून येणारी तार चालूच आहे हे मला कळणार कशावरून? मी उघड्या तारेला बिनधास्त हात घातला असता. आणि टॉर्च धरून माझ्या खांद्याला चिकटून उभी राहणार होती इरा. तसं मी तिला फोनवर कबूलच केलं होतं.

साहेबांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. त्यांनी चार शब्द सुनवले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाले, "सगळे टॅग काढा. पहिल्यापासून लावू." आम्ही संध्याकाळपर्यंत खपलो. खोटं बोललात, असं साहेब त्या दिवशीही म्हणाले नाहीत आणि नंतरही कधी नाही.

इरा आता सोळा वर्षांची आहे. अजूनही इंग्रजीतच उत्तरं देते, उलटही बोलते. तिने दार आपटलं की मी चिडतो, आणि मग मला तो शनिवार आठवतो नि मी गप्प बसतो. साहेब, दार आपटायला ती आज आहे, ती तुमच्यामुळे. एवढं सांगायला मला नऊ वर्षं लागली.

येत्या महिन्यात परकारसाहेब निवृत्त होऊन दाभोळला जात आहेत. त्यांचे गुडघे कुरकुरणं थांबवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, भाभींच्या हातचं जेवण त्यांना शंभरी पार होईपर्यंत मिळो. दाभोळकरांनी आपापले मीटर आताच नीट करून ठेवावेत.

आणि साहेब, जाण्याआधी एक काम आहे. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधला आमचा नवा टॉवर तयार आहे. सगळ्या घरांची हजेरी मी स्वतः घेतली आहे, पोरं मला मनात शिव्या घालत होती. तरीही तुम्ही एकदा डोकं घालून बघा. मी झाकण धरून उभा आहे.