डॉक्टरसाहेबांच्या परिपत्रकातली एक ओळ

डॉ. माधवराव सोनटक्के यांची आणि माझी पहिली भेट एका दगडी इमारतीच्या पायरीवर झाली. मी बीडच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. ती इमारत म्हणजे फ्रीमेसन मंडळींचं लॉज, पण गावात तिला सगळे 'जादूघर' म्हणत. आत काय चालतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ज्याच्या त्याच्याकडे सांगायला भरपूर होतं. कोणी म्हणे आत कवटी आहे, कोणी म्हणे अमावास्येला बोकड कापतात. शाळेत जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एके दिवशी पायरीवर बसलेल्या गृहस्थांनी मला हाक मारली. "गुरुजी, ही चार पानं तेवढी वाचून द्या. काही चुकलं असंल तर सांगा." मी भीत भीत वाचू लागलो. शेजारच्या जिल्ह्यातल्या लॉजचा पदग्रहण समारंभ कोणत्या रविवारी आहे, रक्तदान शिबिर कुठे आहे, कोणाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, आणि सहकुटुंब स्नेहमेळाव्याला किती माणसं येणार ते आधी कळवा, ऐनवेळी स्वयंपाक्याची पंचाईत होते. मी धीर करून विचारलं, "आणि बोकड?"

"बोकडं दवाखान्यात," ते शांतपणे म्हणाले. "सकाळी नवाला या, दावतो."

डॉक्टरसाहेब सरकारी पशुवैद्य होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढे त्यांच्याच आग्रहाने मी लॉजचा सभासद झालो. आत काय असतं असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "काही न्हाई. माणसं एकत्र बसतेत, भांडत न्हाईत आन् जेवतेत." यात अतिशयोक्ती नव्हती. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण हे दोन विषय काढायचे नाहीत असा दंडक असतो. बीड जिल्ह्यात चार माणसांनी दोन तास राजकारणावर न बोलता बसून दाखवावं, मग त्याला जादू का म्हणतात ते कळेल! मला आत काम मिळालं नाही, बाहेर मिळालं. सभा चालू असताना दाराबाहेर तलवार घेऊन बसणारा एक पहारेकरी असतो, ती नेमणूक माझी. तेव्हा आतली गुपितं कोणी माझ्याकडून काढू पाहील तर व्यर्थ आहे. मी जे सांगणार ते दाराबाहेरचंच.

दुसरं काम परिपत्रकाचं छपाईआधीचं मुद्रित तपासण्याचं. हे मासिक परिपत्रक म्हणजे डॉक्टरसाहेबांचा प्राण. चिटणीस या नात्याने ते एकटेच लिहीत आणि आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतल्या लॉजना पाठवीत. लिहिण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचं परिपत्रक पुढ्यात घ्यायचं, जुनं ते लाल पेन्सिलीने काटायचं आणि समासात नवं लिहायचं. सरकारी खात्यात उमेदवारी केलेला माणूस, कोरा कागद वाया घालवणं त्यांच्या जिवावर येई.

पण शब्द वाया घालवत नसत म्हणून कोरडे होते असं मात्र नाही. एखाद्या बंधूच्या, म्हणजे लॉजच्या सभासदाच्या, निधनाची वार्ता त्यांनी त्या घरी स्वतः जाऊन बसल्याशिवाय कधी लिहिली नाही. एकदा चकलांब्याचे एक वृद्ध सभासद वारले. डॉक्टरसाहेब एसटीने गेले, दिवसभर बसले आणि परिपत्रकात दोनच वाक्यं लिहिली: 'ते गेले. त्यांच्या गोठ्यातल्या म्हशीने दोन दिवस वैरणीला तोंड लावलेलं नाही.' त्या वृद्धांच्या सूनबाईंनी ते पान जपून ठेवल्याचं मला त्यांच्या मुलाने सांगितलं. मी मराठीचा शिक्षक, पण मला अशी दोन वाक्यं आजवर लिहिता आलेली नाहीत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. मोठ्या दुष्काळाचं ते वर्ष. बिंदुसरेच्या धरणाचा तळ दिसत होता. आमच्या लॉजमध्ये सहकारातली दोन मातब्बर माणसं होती. नानासाहेब दूध संघाचे अध्यक्ष, वसंतराव खरेदी-विक्री संघाचे. नानासाहेबांकडे रस्त्यालगत मोठं मोकळं मैदान आणि वसंतरावांकडे पंचक्रोशीत पाणी टिकून असलेली एकच विहीर. आदल्या वर्षी दोघांनी मिळून जनावरांचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. नंतर एका संस्थेच्या निवडणुकीत दोघे समोरासमोर उभे राहिले आणि बोलणं तुटलं. मैदान पडून होतं, विहीर भरलेली होती आणि मध्ये जनावरं मरत होती. डॉक्टरसाहेब तीनदा दोघांच्या घरी जाऊन आले. दोन्हीकडे चहा मिळाला, शब्द मिळाला नाही.

इथे माझं सांगतो. माझे थोरले बंधू, आमचे दादा, आष्टी तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. दावणीला दोन गाई आणि एक बैलजोडी. त्या महिन्यात त्यांचा निरोप आला: "वैरण संपली हाय. छावणी निघाली तर ठीक, न्हाईतर येत्या बाजारी चारीबी जनावरं इकायची. गिऱ्हाईक कोण हाय ते तुला म्हायती हाय." गिऱ्हाईक खाटीक होते. वहिनी त्या गाईंशी माणसांशी बोलावं तशा बोलत. मी निरोप वाचला आणि दोन दिवस मला वर्गात फळ्यावर काय लिहितो ते सुधरेना.

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं आणि त्यात 'आगामी कार्यक्रम' या मथळ्याखाली एक ओळ छापून आली: 'जनावरांचे शिबिर. जागा: बंधू नानासाहेब. पाणी: बंधू वसंतराव.' चारही जिल्ह्यांत पाकिटं पोचली. दुष्काळ सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता, त्यामुळे वाचणाऱ्यांनी सरळ चारा छावणीच समजली आणि बाहेरच्या लॉजनी कळवलं की आम्ही सभेच्या दिवशी चाऱ्याला उसाचं वाडं, म्हणजे हिरवे शेंडे, घेऊन येतो. आमच्याकडे नियम असा की शिक्का मारून टपालात पडलेली सूचना फक्त भरलेली सभाच रद्द करू शकते. म्हणजे सभेपर्यंत ती ओळ कायम!

सभेच्या दिवशी दोघेही आले ते धुमसतच. आणखी एक रीत इथे सांगितली पाहिजे. दोन बंधूंमध्ये वितुष्ट असेल तर त्यांनी एप्रन, म्हणजे सभेत कमरेला बांधायचं वस्त्र, बांधून आत पाऊल टाकायचं नाही. आधी बाहेर बसून मिटवायचं, मग आत. तेव्हा दोघे बाहेरच्या खोलीत दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले आणि मध्ये मी, तलवार घेऊन. एवढ्या वर्षांत त्या तलवारीची मला पहिल्यांदाच गरज वाटली.

"मी जागा देतो म्हणून कवा म्हणलो?" नानासाहेब मला विचारत होते, ऐकवत होते वसंतरावांना.

"आन् माझी हीर काय सरकारी हाय का बे?" वसंतरावांनी छताला विचारलं.

इतक्यात डॉक्टरसाहेब आतून आले. त्यांनी दोघांना हात जोडले. म्हणाले, "ही ओळ कशी छापली गेली मला खरंच ठाऊक न्हाई. पण खाली सही माझी हाय, म्हणून चूक माझी. तुमची परवानगी न घेता तुमची नावं गेली. मी माफी मागतो, आन् चिटणीसपदाचा राजीनामा लिहून ठेवलाय." मग त्यांनी स्वतःचा एप्रन सोडला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि तिसऱ्या खुर्चीवर बसले. आत पाहुणे खोळंबले. चिटणिसाशिवाय सभेचं कामकाज सुरू होईना. बाहेर कोणी कोणाकडे बघेना.

कितीतरी वेळाने दारात एक ट्रक ड्रायव्हर येऊन उभा राहिला. "सायेब, वाडं कुटं उतरवायचं? पार वाळायलंय वर."

नानासाहेब ताडकन उठले. कितीही झालं तरी शेतकऱ्याचं रक्त! "वाळायलंय? आरं मग हुबा काय ऱ्हायलास? माझ्या मैदानात घे की! सावलीला घे, लिंबाखाली!"

"लिंबाखाली घे म्हनं!" वसंतराव उसळले. "आन् पाणी कोन पाजनार त्या ढोरांला? नुसतं वाडं खाऊन मरतील की! थांब, मी पाइप टाकायला सांगतो."

बोलून झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं की आपण एकमेकांशी बोललो. नानासाहेबांना आधी हसू फुटलं, मग वसंतरावांना. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला, तो मला अजून ऐकू येतो. दोघांनी हात मिळवले, एप्रन बांधले आणि आत गेले. छावणी दुसऱ्या दिवशी सुरू झाली आणि पाऊस येईपर्यंत चालली. दादांची चारही जनावरं तिथे होती. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी डॉक्टरसाहेब सगळ्या दावणींवरून फिरत आणि वहिनींना सांगत, "तुमच्या तांबडीला जरा मीठ द्या, ती लई मनाला लावून घेती."

राजीनामा कोणी घेतला नाही. पण त्यानंतर डॉक्टरसाहेब बदलले. गावात लोक कौतुकाने म्हणत की डॉक्टरांनी मुद्दाम घातली ती ओळ. ते मात्र विषय बदलत. प्रत्येक परिपत्रक ते पत्नीला, सुमनताईंना, तीन-तीनदा मोठ्याने वाचून दाखवू लागले. लॉजचं अध्यक्षपद दोनदा चालून आलं, दोनदा त्यांनी नाकारलं. "आपण काय लिहिलं ते ज्याला आठवत न्हाई, त्यानं खुर्चीत बसू न्हाई," एवढंच म्हणाले. आम्हाला तो विनय वाटला.

मला मात्र वाटायला नको होता. कारण ती ओळ मी मुद्रितात पाहिली होती.

आदल्या वर्षीच्या शिबिराची ओळ काटायची राहून गेली, हे मला एका नजरेत कळलं होतं. त्या आठवड्यात डॉक्टरसाहेब गेवराईकडे लसीकरणाला गावोगाव फिरत होते, जीपमध्ये बसून त्यांनी परिपत्रक लिहिलेलं. कोणाच्याही हातून होईल अशी साधी चूक. माझ्या हातात पेन्सिल होती. मी दादांचा निरोप आठवला, पेन्सिल खाली ठेवली आणि 'तपासले' म्हणून सही केली. आणि सभेच्या सकाळी डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गुरुजी, मुद्रितात ही ओळ होती का हो?" तेव्हा मी म्हणालो, "नव्हती."

डॉक्टरसाहेबांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला आणि मला झोप येईना. खोटं पोटात ठेवून गौरव कसला लिहायचा? गेल्या महिन्यात पालीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घरी गेलो. ते भिंग घेऊन बसले होते. स्वतःच्याच अमृतमहोत्सवाच्या कार्यक्रमाची सूचना तपासत होते! सुमनताई वैतागून म्हणाल्या, "आता चौथ्यांदा वाचली तर मी माहेरी जाईन. तिथं कोणी राहिलेलं न्हाई, तरी जाईन."

मी सगळं सांगून टाकलं. खाली मान घालूनच सांगितलं.

त्यांनी कागदावरून मान वर केली. मग म्हणाले, "म्हंजे मुद्रितात होती?"

"होती."

"मी मागनं घातली न्हवती?"

"नाही, डॉक्टरसाहेब."

"अगं!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की सुमनताई पदराला हात पुसत धावत आल्या. "अगं, मला काय झालेलं न्हाई! ऐकलंस का? मी ठीक हाय!"

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं ते. गुरुजींच्या नजरेतून काही सुटत नाही यावर त्यांचा विश्वास. गुरुजी म्हणतात ओळ नव्हती, म्हणजे आपणच नंतर घातली, आणि घातल्याचं आपल्याला आठवतसुद्धा नाही. त्यांच्या वडिलांची स्मृती उतारवयात गेली होती. आपलंही तेच सुरू झालं, असं समजून हा माणूस इतकी वर्षं रोज स्वतःला तपासत होता. सुमनताई मला म्हणाल्या, "गुरुजी, हे आधी सांगता आलं नसतं का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"असू दे गं," डॉक्टरसाहेब म्हणाले. ते रडत होते की हसत होते, सांगणं कठीण. "चार जनावरं वाचली न्हवं यांची? मंग झालं तर. गुरुजी, हे लिहा. सगळं लिहा. लोकांनी हे वाचायला हवंय." आणि त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, ती सूचना चौथ्यांदा न वाचता पाकिटात घातली आणि म्हणाले, "चिकटवा."

पाकिटं चिकटवता चिकटवता माझ्या लक्षात आलं की कार्यक्रमाची वेळ सायंकाळी पाचऐवजी सकाळी पाच पडली आहे. या वेळी मी क्षणाचाही उशीर केला नाही, लगेच सांगितलं. डॉक्टरसाहेब खुर्चीत रेलून बसले होते. म्हणाले, "जाऊ द्या तशीच. लवकर येतील, चहा पितील, गप्पा मारतील. कोणाचं काय बिघडतंय?"

तेव्हा त्या दिवशी जी मंडळी भल्या पहाटे येऊन पोचतील त्यांची मी आधीच क्षमा मागतो. चहाची सोय केलेली आहे. आदरणीय डॉक्टरसाहेबांना निरोगी, निश्चिंत, उदंड आयुष्य लाभो, सुमनताईंची साथ त्यांना अशीच राहो, आणि त्यांच्या हातून अशा बिनघोर चुका अजून पुष्कळ होवोत.