टोकावड्याचा हुकूम

तीन वर्षांपूर्वी मी एक गोष्ट कबूल करायची टाळली आणि त्यामुळे एक सरळ माणूस दगाबाज ठरला. त्या माणसाला ते आवडलं, ही यातली मोठी अडचण आहे.

नोकरीत मी जमिनी मोजत असे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी साखळी ओढली नाही असे बांध थोडे, आणि बांधावर उभं राहून मला कुणी शिव्या दिल्या नाहीत असे तर त्याहून थोडे. निवृत्त झालो, शिव्या थांबल्या, आणि घरात करमेना. पुण्याला मुलीकडे गेलो असताना तिच्या कॉम्प्युटरवर एक परदेशी खेळ पाहिला. नकाशावर सात राज्यं, सात खेळाडू, सगळे वेगवेगळ्या गावांत बसलेले. फासे नाहीत, पत्ते नाहीत. सगळ्यांच्या प्याद्यांची ताकद सारखी, त्यामुळे एकट्याने कुणाचं गाव घेता येत नाही. शेजाऱ्याने हात दिला तरच घेता येतं. म्हणून आठवडाभर शेजाऱ्याशी गोड बोलायचं, वचनं द्यायची, आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत आपला हुकूम गुपचूप पंचाला कळवायचा. रविवारी सकाळी पंच सातही हुकूम एकदम जाहीर करतो. तेव्हा कळतं, वचन कोणी पाळलं आणि बांध कोणी रेटला.

मला वाटलं, हा खेळ परदेशात कसा काय गेला? हा तर आमच्याकडचा.

शहापूरला परत आल्यावर ट्रेसिंग पेपरवर दोन्ही तालुक्यांचा नकाशा काढला. भातसा आणि काळू या नद्या निळ्या शाईने, डोंगर तपकिरी. मोबाइलवर ग्रुप केला. खेळाडू म्हणून ज्यांच्या जमिनी मी मोजल्या होत्या त्यांतलेच सात जण घेतले, सगळे साठीच्या पुढचे. ग्रुपवर कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. ज्याचं राज्य जे, तेच त्याचं नाव. खर्डीवाल्यांनी पहिल्याच महिन्यात वासिंद तिघा जणांना देऊ केलं. वासिंद त्यांच्या ताब्यात नव्हतंच. डोळखांबवाले मला रोज फोन करत.

"साहेब, मुरबाडवाला काय करतोय ते सांगू नका. तुमी पंच हाय. मी गावांची नावं घेतो, बरोबर नाव आलं की फकस्त खोका."

मी कधी खोकलो नाही. एकदाच खोकलो, तेही खऱ्या सर्दीने, आणि त्या खोकल्यावर विसंबून त्यांनी दोन गावं गमावली. मग पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

खेळात दोन व्याही होते. किन्हवलीवाले मुलाचे वडील आणि टोकावडेवाले मुलीचे. शेती दोघांचीही भाताची, पण किन्हवलीवाले तीस वर्षं मुंबईला नोकरी करून आलेले, त्यामुळे त्यांचा आवाज मोठा आणि दर वाक्यात 'टाइम' हा शब्द. टोकावडेवाल्यांनी लग्नमंडपात जी मान खाली घातली होती, ती चार वर्षं वर केली नव्हती. नकाशावरही ते मुलीकडचेच राहिले. दर शनिवारी किन्हवलीला हात देत. कुणी विचारलं तर म्हणत, "आमचं काय, व्याहीबुवा बोलतील तसं." त्यामुळे किन्हवलीकडे सात गावं झाली आणि टोकावड्याकडे होती तीच तीन राहिली.

बाकीचे कंटाळले. "हा खेळ नाय," डोळखांबवाल्यांनी ग्रुपवर लिहिलं, "हे मानपान हाय. पुढच्या टायमाला अक्षता घेऊन येतो."

खेळ बंद पडणार असं मला दिसत होतं, आणि खरं सांगतो, मला ते नको होतं.

तो शनिवार मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेतला. मी हौसेने जत्रेला गेलो होतो. घोंगड्यांच्या रांगेशेजारी उभा राहून कांदाभजी खात होतो, इतक्यात टोकावडेवाल्यांचा फोन आला. मोबाइलवर टाइप करायला त्यांची बोटं बसत नसत, म्हणून ते हुकूम तोंडी सांगत आणि मी वहीत उतरवून घेत असे.

"साहेब, लिवा. किन्हवली सरळगाव घेनार हाय, त्याला टोकावड्याचा हात. लिवलं?"

वही शहापूरला घरी होती. पेन खिशात होतं. मी भज्यांच्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं आणि म्हणालो, "लिहिलं."

"आनि पोरगी बरी हाय. नात गोड हाय." त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, नात होऊन चार दिवस झाले होते. "आता ठेवतो. जत्रेत खिसा सांभाळा."

परत येताना जीपमध्ये भजी संपवली, त्याच कागदाला हात पुसले आणि कागद खिडकीतून टाकून दिला.

रविवारी सकाळी वही उघडली. टोकावड्याची ओळ रिकामी. नियम असा की हुकूम आला नाही तर प्यादं जागेवर उभं राहतं. मी तसं ग्रुपवर टाकलं. हात न मिळाल्यामुळे सरळगाववरची स्वारी फसली, आणि सगळी प्यादी तिकडे गुंतणार हे आधीच ताडून डोळखांबवाल्यांनी खर्डीवाल्यांच्या हाताने मागून किन्हवलीचं शेणवं घेतलं.

दोन मिनिटांत टोकावडेवाल्यांचा फोन. "साहेब, मी सांगितलं होतं ना? तुमी 'लिहिलं' बोललात."

मला सगळं आठवलं. भजी, घोंगड्या, कागद. मी हो म्हणायला तोंडही उघडलं. पण चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी एकही मोजणी फिरवली गेली नव्हती आणि सगळा तालुका मला त्यासाठी ओळखत होता. शिवाय कानाशी धरलेला मोबाइल सारखा थरथरत होता. इतके महिने मेल्यासारखा पडलेला ग्रुप जागा झाला होता. मला मजा वाटली. हे मी आज लिहितो आहे, पण त्या वेळी मला सगळ्यात आधी मजाच वाटली.

मी म्हणालो, "वहीत नोंद नाही."

हे वाक्य मी नोकरीत हजारदा म्हटलं असेल. त्या सकाळीही ते शब्दशः खरंच होतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

फोन ठेवून ग्रुप पाहिला. डोळखांबवाल्यांनी लिहिलं होतं, "टोकावडे, पाय दाखवा, पाया पडतो!" खर्डीवाले म्हणाले, "व्याह्याला शब्द दिला पण हुकूम नाय दिला! डोकं बघा मानसाचं." मुरबाडवाल्यांनी लिहिलं, "चार वर्षांनी मुलीचा बाप उभा राहिला. टाळ्या." टोकावडेवाल्यांनी आपल्या आवाजात एक निरोप टाकला, "मी खरंच सांगितलं होतं ओ. साहेब बोलतात, वहीत नोंद नाय." त्यावर सगळे आणखीच खूश झाले. वा, काय अभिनय! दुपारपर्यंत कौतुकाचे तीसेक निरोप आले आणि संध्याकाळी टोकावडेवाल्यांनी एकच चित्र टाकलं. काळा चष्मा लावलेला पिवळा चेहरा.

किन्हवलीवाल्यांनी ग्रुप सोडला. दोन दिवसांनी निरोप आला की ते नातीच्या बारशाला टोकावड्याला जाणार नाहीत. 'खेळात जो असा वागतो तो खऱ्यात कसा वागेल?' असं त्यांनी भावकीत चारचौघांत सांगितलं होतं. बारसं सहा दिवसांवर.

मी टोकावड्याला गेलो आणि टोकावडेवाल्यांना पडवीत सगळं सांगितलं. त्यांनी आधी आत पाहिलं, मुलगी ऐकत नाही ना ते.

"हळू बोला," ते म्हणाले. "साहेब, एक सांगू? काल व्याहीबुवांचा फोन आलेला. चार वर्षांत पयल्यांदा त्यांनी आधी फोन केला. शिव्या द्यायला का होईना, पन केला. एस्टीत कंडक्टर मला बोलला, या बसा, तुमी ते सरळगावच्या डाववाले ना?"

"पण तुम्ही काहीच केलेलं नाही."

"ते तुमाला नि मला ठाऊक. बाकीच्यांना कशाला?"

"आणि बारसं?"

"ते बघू."

"कसं बघणार?"

"ते नाय ठाऊक. पन तुमी बोलू नका. शब्द द्या."

मी शब्द दिला आणि सरळगावला जीप बदलेपर्यंत पाळला. तिथून शहापूरच्या वाटेवर किन्हवलीला उतरलो.

किन्हवलीवाले ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते. मी भज्यांपासून सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांनी तीन शेंगा सोलल्या आणि दाणे टरफलांत टाकले.

"म्हंजे त्यांनी मला फसवलं नाय?"

"नाही."

"मला वाटलंच. ते त्यांच्या अंगात नाय." त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "मग मी ग्रुप सोडला, बायकोवर ओरडलो, भावकीत सांगून बसलो, ते सगळं तुमच्या भज्यांपायी? आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी सुचवलं की मी ग्रुपवर माझी चूक लिहितो.

"येडे झालात काय? मग मी उगाच रुसलो असं होईल." त्यांनी थोडा विचार केला. "असं करा. तुमी गप ऱ्हा. मी जातो नि त्यांना माफ करतो."

"अहो, पण त्यांनी काही केलेलंच नाही."

"मग तर माफ करायला सोप्पं."

मी तिथेही शब्द दिला.

बारशाला किन्हवलीवाले सगळ्यांच्या आधी हजर. सर्वांदेखत व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं गेलं सोडलं. मन मोठं पायजे." टोकावडेवाल्यांनी मान खाली घातली, पण यावेळी फार ऐटीत. "चुकलो, व्याहीबुवा. मोह झाला." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दोन्ही व्याही एकमेकांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होते आणि दोघेही मला गप्प राहायची खूण करत होते. मी घुगऱ्या खात होतो.

नंतर मी पाळण्याजवळ गेलो. मुलीने मला खाली वाकायला सांगितलं.

"काका, बाबांनी खरंच केलं हे? शब्द देऊन? मला त्यांनी आजवर कधी खोटं सांगितलेलं नाय ओ."

तिचे वडील चार हातांवर होते. सासरे त्यांच्या शेजारी. मी म्हणालो, "अगं, खेळात चालतं."

तिने मान हलवली आणि बाळाचं दुपटं सारखं केलं.

त्यानंतर दोघे व्याही खेळात परत आले आणि एकमेकांवर तुटून पडले. ग्रुपवर इतकी रौनक कधीच नव्हती. दोघे रोज फोनवर भांडतात, सणाला एकमेकांकडे जातात. पण वडील फोनवर "शनिवारी येतो गो" म्हणाले की मुलगी हसत विचारते, "नक्की ना? का वहीत नोंद नाय?" सगळे हसतात. सुरुवातीला टोकावडेवालेही हसायचे. गेल्या महिन्यात मी त्यांच्या शेजारी बसलेलो असताना ती स्पीकरवर असं म्हणाली, तेव्हा त्यांनी फोन ठेवला आणि हातातल्या तंबाखूला चुना लावत राहिले. मला तरी काय म्हणणार, गप्प राहायचा शब्द त्यांनीच तर घेतला होता.

दोन्ही व्याह्यांना मी शब्द दिला आहे. मुलीला मी कसलाही शब्द दिलेला नाही, तिला फक्त खोटं उत्तर दिलं. ते इथे दुरुस्त करतो.

पोरी, तुझ्या बाबांनी त्या शनिवारी दुपारी, सहाच्या बरंच आधी, मला फोन केला होता. तुझ्या सासऱ्यांना हात द्यायचा, असा त्यांचा स्पष्ट हुकूम होता. त्यानंतर त्यांनी तुझी खुशाली सांगितली आणि नात गोड आहे म्हणाले. शब्द त्यांनी मोडला नाही. मी तो भज्यांच्या तेलासकट जीपच्या खिडकीतून टाकला. तुझ्या सासऱ्यांनी जे माफ केलं, ते घडलंच नव्हतं हे त्यांना बारशाच्या आधीपासून माहीत होतं.

हे छापून आलं की टोकावड्याहून आणि किन्हवलीहून फोन येतील. दोघेही चिडलेले असतील. पण त्याआधी तू बाबांना फोन कर, आणि शनिवारी येतो म्हणाले तर नुसतं 'या' म्हण.