मधल्या पानावर नाव नव्हतं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

दोन हजार सालाच्या आसपास मंचरला माझा कम्प्युटर क्लास होता. सुनंदा तिथे शिकली आणि तिथेच कामाला राहिली. अवसरी बुद्रुकहून एसटीने यायची. मुलीने नोकरी करणं तिच्या वडिलांना पसंत नव्हतं. बोरीच्या तिच्या मामांनी त्यांच्याशी भांडून एका वर्षाची मुदत मागून घेतली होती. पोरीला जमलं तर ठीक, नाही तर लग्नाचं बघायचं.

मामांच्या द्राक्ष बागायतदार गटाची वेबसाइट करायचं काम आलं, तेही तिच्यामुळेच. मी नुकताच पुण्याहून फ्रेम वापरायला शिकून आलो होतो. पडद्याचे तीन भाग — वर गटाचं नाव आणि फोन, डावीकडे यादी, आणि मधलं पान तेवढं बदलत राहायचं. केवढं अप्रूप होतं मला त्याचं! सुनंदाला ते पटलं नाही. "सर, मधल्या पानाचा प्रिंट काढला तर वरचं नाव येत न्हाई." तिने फ्रेम न वापरता, प्रत्येक पानावर नाव आणि फोन टाकून, सगळं पुन्हा करूनही दाखवलं. मी हसलो. काय म्हणालो असेन? — "हे लग्नपत्रिकेसारखं दिसतंय. आणि वेबसाइट काय प्रिंट काढायला असते?"

आमच्याकडे ती प्रिंट काढायलाच असायची. इंटरनेट होतं कुणाकडे? पुण्याच्या एका निर्यातदाराला दाखवायला मामांनी कागदच मागितले. सुनंदा घरी गेली होती, वीज जायची वेळ झाली होती. मी घाईघाईने प्रिंट काढले आणि न बघताच पाकिटात घातले.

निर्यातदाराचा फोन काही येईना. शेवटी मामा स्वतःच जाऊन आले. त्याच्या टेबलावर आमचे कागद होते — घडांचे फोटो, मण्यांचा आकार, गोडी, सगळं. द्राक्षं कुणाची, तेवढं कुठेच नव्हतं. तोवर त्याने माल दुसरीकडून ठरवला होता.

मामा तसेच क्लासवर आले. "राव, आमची द्राक्षं बेवारशी केली तुमी! कुणी केलं हे?"

मी सुनंदाकडे बघितलं. आणि म्हणालो — "तिनं केलंय. नवीन आहे अजून."

किती सहज आलं ते तोंडात! मला वाटलं, आता ती बोलेल. बोलली असती तर? मी पुन्हा खोटंच बोललो असतो, असं वाटतं. पण ती बोलली नाही. फक्त म्हणाली, "चुकलं मामा. नीट करून देते."

मामा तिच्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. "लई विश्वासानं तुझ्या बापाशी भांडलो व्हतो गं," एवढंच म्हणाले.

वर्ष अजून पुरं व्हायचं होतं. पण पुढच्या सोमवारपासून ती आली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी तिने केलेली, बिनफ्रेमची वेबसाइट चढवली. पुढच्या हंगामात गटाने त्या वेबसाइटसाठी माझा सत्कार केला. शाल घेतली मी — हो, घेतली.

काही वर्षांनी मामा गेले, तेव्हा दहाव्याला बोरीला गेलो होतो. सुनंदा भेटली. तिने तिच्या लहान मुलीला पुढे केलं. "हे माझे सर. कम्प्युटर मी यांच्याकडं शिकले." मुलगी माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वाकू दिलं.

भाचीला जमलं नाही, असंच मामा शेवटपर्यंत समजत राहिले. तिला जमलं होतं. मला ते त्या दिवशीही माहीत होतं.